घाटाखालचा स्किन टोन

चित्रातल्या माणसाच्या त्वचेचा रंग कोणी ठरवायचा, हा प्रश्न बोरघाटाच्या परिसरात सिनेमाच्या कॅमेऱ्याआधी आला. तो आणला शिळाछापाने. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेला छापखाना काही वर्षांतच लोणावळ्याच्या पुढच्या मळवलीला हलला आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. तिथे लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे दगडावरून छापली जात. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. साडीचा लाल रंग एखाद्या दगडावर निभावून जाई. चेहऱ्याला मात्र पिवळट, गुलाबी, तपकिरी असे फिके थर ठिपक्याठिपक्यांनी एकावर एक चढवावे लागत. एखादा दगड केसभर सरकला तरी पदरावर ते कोणाच्या ध्यानात येत नसे, देवीच्या गालावर लगेच दिसे. कारागिराची परीक्षा चेहऱ्यावरच होई.

मळवलीहून घाट उतरला की खोपोली लागते, आणि जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर खोपोलीचा शिळफाटा. ठाणे जिल्ह्यातला मुंब्र्याजवळचा शिळफाटा तो वेगळा. शिळाछापाशी या नाक्याचे नाते फक्त अक्षरांचे असले, तरी नाक्याच्या आसपासच्या खालापूर आणि कर्जत तालुक्यांत आज चित्रीकरण हा रोजचा धंदा आहे. चित्रपटांचे सेट, मालिका, फार्महाउसवरची लग्ने, धबधब्याखालची प्री-वेडिंग शूट, असे सगळे इथे चालते. या धंद्यात मळवलीच्या कारागिराचा प्रश्न ‘कॅमेऱ्यात कुठले प्रोफाइल लावायचे?’ असा विचारला जातो. सेन्सरवर पडलेला उजेड रंगीत चित्रात कसा उतरवायचा, याचा कॅमेऱ्यात आधीच लिहून ठेवलेला नियम म्हणजे कलर प्रोफाइल. काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या पायऱ्या किती दाट वा विरळ ठेवायच्या, लाल किती भडक दाखवायचा, पिवळ्याला नारिंगीकडे झुकवायचे की हिरव्याकडे, हे तो नियम ठरवतो. एकच चेहरा एका प्रोफाइलमध्ये गव्हाळ दिसतो, तर दुसऱ्यात आजारी.

मळवली-लोणावळ्याच्या छपाईशी दादासाहेब फाळके यांचाही संबंध होता. सिनेमाकडे वळण्याआधी फाळके लोणावळ्यात ब्लॉक आणि फोटोलिथोचे काम करत, रविवर्मा प्रेससाठीही करत. रंगीत छपाईचे तंत्र आणि यंत्रे पाहण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीला गेले. म्हणजे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्याच्या कर्त्याला कातडीचा रंग थराथराने कसा उभा राहतो हे पुरते ठाऊक होते. हाती आलेली फिल्म मात्र रंगाच्या बाबतीत अर्धी आंधळी होती. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे. तिच्यावर निळे आकाश पांढरेफटक उतरे, लाल ओठ काळे पडत आणि तांबूस-तपकिरी भारतीय चेहरा होता त्याहून सावळा दिसे. नाटकाच्या रंगभूषेतला हिंगुळाचा लाल गाल इथे खळगा होऊन बसे. म्हणून चेहऱ्यावर फिकट लेप चढवणे भाग होते, आणि तारामतीचे काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांच्यासारख्या पुरुष नटांना तर ते दुप्पट लागू होते. गोऱ्या चेहऱ्याची आवड समाजात आधीपासून होतीच. तिला फिल्मच्या रसायनाने तांत्रिक सबब मिळवून दिली, एवढे म्हणता येईल.

१९२० च्या दशकात सगळे रंग ओळखणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळली आणि चेहऱ्याच्या छटा सुधारल्या. मग रंगाचे प्रयोग आले. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या ‘सैरंध्री’च्या (१९३३) रंगीत प्रती जर्मनीत काढवल्या. रंग मनासारखे उतरले नाहीत आणि प्रभातने तो नाद सोडला. १९३७ मध्ये इंपीरियल कंपनीचा ‘किसान कन्या’ सिनेकलर पद्धतीने मुंबईतच तयार झाला. सिनेकलर दोनच रंगांवर चाले, एक नारिंगी-लाल आणि दुसरा निळा-हिरवा. दोन रंगांत जग मावत नाही. जांभळा सुटतो, गवत मळकट होते. पण माणसाचा चेहरा मावतो, कारण चेहरा मुळात नारिंगीच्याच घरातला. दोनरंगी पद्धती रचताना चेहरा वाचवून बाकीचे सोडून दिले गेले ते याच हिशेबाने. रंगपद्धती कुठलीही असो, ती आधी कातडीवर बेतली जाते, हा नियम तेव्हापासून आजवर टिकला आहे.

पुढे मुंबईने टेक्निकलरची वाट धरली. मेहबूब खान यांचा ‘आन’ (१९५२), सोहराब मोदी यांचा ‘झाँसी की रानी’ (१९५३) आणि शांताराम यांचा ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) हे त्या वाटेवरचे टप्पे. १९५० साली कोडॅकने ईस्टमनकलर निगेटिव्ह आणले आणि साध्या कॅमेऱ्यात रंगीत फिल्म घालता येऊ लागली. मराठीला रंग परवडायला आणखी वेळ लागला. दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ १९७१ मध्ये कृष्णधवल आला आणि १९७२ चा शांताराम यांचा ‘पिंजरा’ रंगीत. त्या काळात आयातीवर बंधने असल्याने पूर्व जर्मनीची ओर्वो, बेल्जियमची गेवाकलर आणि कोडॅक यांपैकी जे मिळेल ते घ्यावे लागे. पोस्टरवर फिल्मचे नाव दिमाखात छापले जाई. प्रत्येक फिल्मचा चेहऱ्यावरचा हात वेगळा होता. आजच्या भाषेत तेच तिचे प्रोफाइल. ते डब्यात बंद होऊन येई आणि शूटिंगच्या दिवशी बदलता येत नसे.

बदल होत तो लॅबमध्ये. निगेटिव्हची प्रत काढताना लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे १ ते ५० अशा आकड्यांत कमीजास्त करता येत. शॉटगणिक हे आकडे ठरवणारा माणूस म्हणजे ग्रेडर. ग्रेडिंग हा शब्द संगणकावर आला तो या खोलीतून. ग्रेडरच्या हाताशी एक संदर्भपट्टी असे आणि तिच्यावर एका बाईचा चेहरा. चेहरा नीट दिसला की लॅबची रसायने जागेवर आहेत, असे धरले जाई. फोटोच्या दुकानांत अशा पट्टीला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. कोडॅकच्या पट्टीवरची बाई दीर्घकाळ गोरी युरोपीय वंशाचीच होती. भारतात लॅब चालवणाऱ्याला हा पाश्चात्त्य मापदंड डोक्यात ठेवून समोरच्या गव्हाळ नायिकेसाठी आकडे हलवावे लागत, आणि ते कौशल्य कोणत्याही पुस्तकात नव्हते.

या लॅब-धंद्याचा एक धागा थेट खालापूर तालुक्यात येऊन पोचतो. मनमोहन शेट्टी यांनी १९७८ मध्ये सुरू केलेली ॲडलॅब्स ही हिंदी सिनेमाच्या मोठ्या लॅबपैकी एक झाली. पुढे फिल्म मागे पडू लागली, लॅबची मालकी बदलली आणि २०१३ मध्ये शेट्टी यांनी खोपोली-पाली रस्त्यावर ‘ॲडलॅब्स इमॅजिका’ हे मनोरंजन उद्यान उघडले. फिल्म धुणाऱ्या कंपनीचे नाव झोक्यांवर आणि पाळण्यांवर आले. धंद्याच्या स्थित्यंतराचा इतका उघड दाखला जवळपास दुसरा नाही.

त्याआधी आठ वर्षे, २००५ मध्ये, याच तालुक्यात चौकजवळ कला-दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी एन. डी. स्टुडिओ उभा केला. ‘हम दिल दे चुके सनम’, ‘लगान’, ‘देवदास’ अशा चित्रपटांच्या कला-दिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेल्या या माणसाने इथे किल्ले आणि महाल उठवले. ‘जोधा अकबर’चे (२००८) शाही सेट इथले. स्टार प्रवाहवरची ‘राजा शिवछत्रपती’ ही मालिकाही इथलीच. या दोन कामांत रंगाच्या दोन वेगळ्या परंपरा शेजारीशेजारी दिसतात. चित्रपट निगेटिव्हवर होई आणि त्याचा रंग नंतर ठरे. व्हिडिओच्या दुनियेत रंग जागच्या जागी ठरवून मोकळे होण्याची रीत होती. एकाहून अधिक कॅमेरे असले की कंट्रोल युनिटवर बसलेला इंजिनीअर सगळ्यांतले चेहरे एकमेकांशी जुळवून देई, आणि जे जुळले तेच प्रक्षेपित होई.

देसाई यांची निर्मिती असलेल्या ‘बालगंधर्व’मध्ये (२०११) चेहऱ्याचा रंग हाच कथेचा विषय होता. पुरुषाचा चेहरा, त्यावर स्त्रीची रंगभूषा, आणि ती नाटकाच्या दिव्यांत व घरच्या उजेडात वेगवेगळी दिसायला हवी. छायालेखन महेश लिमये यांचे होते. रंगभूषेबद्दल विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रोफाइल आणि ग्रेडिंगच्या चर्चेत रंगभूषाकाराचे नाव क्वचितच निघते, हे बरोबर नाही. कॅमेऱ्यापुढे येणारा पहिला थर त्याच्याच हातचा असतो.

लग्नाच्या व्हिडिओचा इतिहास याला समांतर चालला. १९८० च्या दशकात व्हीएचएस कॅमेरे आले, आणि त्यांच्यामागे लांब वायर सांभाळत हॅलोजनचा दिवा धरणारा पोऱ्या. त्या दिव्याच्या झोतात नवरदेवाचे कपाळ पांढरे व्हायचे आणि मागचा मांडव काळा. पुढे सोनीच्या पीडी-१५० आणि पीडी-१७० या कॅमेऱ्यांनी लग्नाचा बाजार व्यापला. त्यांत प्रोफाइलची निवड जवळजवळ नव्हती. पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स करायचा आणि ‘झेब्रा’ बघून एक्स्पोजर ठेवायचे, एवढाच मंत्र. झेब्रा म्हणजे ठरावीक उजेडाच्या भागावर दिसणाऱ्या तिरप्या रेघा. तो ७० टक्क्यांवर लावून चेहऱ्याच्या उजळ भागावर रेघा येऊ द्याव्यात, असे सांगितले जाई. हा आकडा गोऱ्या कातडीचा. सावळ्या चेहऱ्यावर रेघा येईपर्यंत आयरिस उघडली की चेहरा धुतल्यासारखा होतो आणि पांढरा सदरा जळतो. गव्हाळ ते सावळ्या चेहऱ्याला ५० ते ६० च्या आसपास ठेवणे योग्य. हे अनुभवी माणसे मनाने करत, नवशिके आकडा पाळून फसत.

२००८ मध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू आला आणि फोटोच्या कॅमेऱ्यात सिनेमासारखा व्हिडिओ मिळू लागला. त्याबरोबर मेनूत ‘पिक्चर स्टाइल’ आली: स्टँडर्ड, पोर्ट्रेट, न्यूट्रल, फेथफुल. प्रोफाइल निवडणे हे काम पहिल्यांदाच लग्नाच्या शूटरच्या अंगठ्याखाली आले. २०११ मध्ये टेक्निकलर कंपनीने या कॅमेऱ्यांसाठी ‘सिनेस्टाइल’ नावाचे प्रोफाइल मोफत दिले. त्यात चित्र मुद्दाम फिके आणि सपाट उतरे. ‘आन’ला रंग देणाऱ्या कंपनीचे नाव साठ वर्षांनी नाक्यावरच्या स्टुडिओतल्या मेमरी कार्डात आले, ते असे. त्याच सुमारास ब्लॅकमॅजिक कंपनीने ‘दा विंची रिझॉल्व्ह’ या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती काढली. पूर्वी ज्या खोलीत बसायला लाखोंची यंत्रे लागत, ती खोली संगणकावर आली.

सपाट चित्राचा हा सोस कुठून आला, हे समजले की निवडीचा निम्मा प्रश्न सुटतो. चांगल्या निगेटिव्हवर उन्हाचा झगझगाट आणि सावलीचा तळ दोन्ही टिकतात, पण निगेटिव्ह नुसते बघवत नाही. त्याची प्रत काढावी लागते. १९९० च्या दशकात कोडॅकच्या सिनिऑन पद्धतीने निगेटिव्ह स्कॅन करून त्यातली घनता लॉगरिदमच्या पायऱ्यांनी साठवली. आजच्या कॅमेऱ्यांतली लॉग प्रोफाइले, ॲरीचे लॉग-सी, सोनीचे एस-लॉग, कॅननचे सी-लॉग, पॅनासॉनिकचे व्ही-लॉग, ही सगळी त्याच कल्पनेची लेकरे. लॉग म्हणजे निगेटिव्ह. त्यावर चढवायचे लट (एलयूटी, रंग बदलण्याचा तयार तक्ता) म्हणजे प्रिंट. आणि ग्रेडर म्हणजे तो लॅबमधला माणूस, जो आता बहुधा शूटर स्वतःच असतो, रात्री दोन वाजता, उद्याच्या रिसेप्शनआधी. याउलट स्टँडर्ड प्रोफाइल म्हणजे जुनी स्लाइड फिल्म. जे टिपले तेच दिसणार, चुकीला माफी कमी.

सर्वांत जास्त नुकसान झाले ते निगेटिव्हची कल्पना अपुऱ्या डब्यात भरल्याने. २०१४ च्या सोनी ए-सेव्हन-एसमध्ये एस-लॉग-टू होते, पण रेकॉर्डिंग ८ बिटचे, म्हणजे प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या. लॉगमध्ये चेहरा त्यांपैकी मधल्या थोड्याच पायऱ्यांवर बसतो. ग्रेडिंगमध्ये त्या पायऱ्या ताणल्या की गालावर एकसंध छटेऐवजी पट्टे आणि डाग उमटतात. शिवाय त्या कॅमेऱ्यात एस-लॉग-टूला किमान आयएसओ ३२०० लागे. खोपोलीच्या एप्रिलच्या उन्हात उजेड कमी करणारा एनडी फिल्टर नसला की चित्र करपणारच. १० बिटच्या कॅमेऱ्यात पायऱ्या १०२४ होतात. २०१७ च्या पॅनासॉनिक जीएच-फाइव्हने आणि २०२० च्या सोनी ए-सेव्हन-एस-थ्रीने ही सोय आटोपशीर कॅमेऱ्यात आणली, तेव्हा लॉग लग्नाच्या कामाला खऱ्या अर्थाने उपयोगी झाला. ज्यांना ग्रेडिंगला वेळ नाही त्यांच्यासाठी सोनीने एस-सिनेटोन दिले, ज्यात चेहऱ्यावरचा उजेड मऊ उतरतो आणि चित्र तयारच मिळते.

ग्रेडिंगच्या पडद्यावर व्हेक्टरस्कोप नावाचा गोल आलेख असतो. त्यात लाल आणि पिवळ्याच्या मधून, घड्याळातल्या अकराच्या आकड्याच्या दिशेने, एक तिरपी रेघ जाते. तिचे मूळ १९५३ च्या अमेरिकी रंगीत टीव्हीच्या गणितात आहे. नीट उजेडातली माणसाची कातडी, ती गोरी असो, निमगोरी असो की सावळी, बहुधा या रेघेच्या आसपासच बसते. कारण कातडीचा रंग प्रामुख्याने रक्त आणि मेलॅनिन यांतून येतो. वधू-वरांच्या जाहिरातींनी ज्या भेदावर रकाने भरले, तो आलेखावर मुख्यतः उजेडाचा आणि रंगाच्या दाटपणाचा फरक ठरतो. ग्रेडिंगमध्ये चेहरा उजळवण्याची मागणी आजही घरच्यांकडून येते. ‘फँड्री’ (२०१३) आणि ‘सैराट’ (२०१६) यांनी उन्हातले चेहरे पडद्यावर उन्हातलेच ठेवले. त्यानंतरही लग्नाच्या अल्बमची आवड फारशी बदललेली नाही.

शिळफाट्याच्या पट्ट्यात या रेघेची दोनदा परीक्षा होते. पहिली पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर भिवपुरीचा किंवा खोपोलीचा झेनिथ धबधबा गाठून प्री-वेडिंग होते, तेव्हा वरून ढगांचा निळसर उजेड येतो आणि खालून ओल्या गवताचा हिरवा परततो. जोडप्याच्या हनुवटीखाली आणि मानेवर हिरवी झाक बसते. नवखा शूटर केल्विनचा आकडा वाढवतो, पण केल्विन निळ्या-पिवळ्याचा हिशेब आहे. हिरवी झाक त्याने जात नाही. त्यासाठी व्हाइट बॅलन्सची दुसरी दिशा, हिरव्याकडून मॅजेंटाकडची, वापरावी लागते. याहून सोपा उपाय प्रोफाइलच्या बाहेरचा आहे: जोडप्याच्या पायाशी, फ्रेमखाली, पांढरा रिफ्लेक्टर आडवा टाकला की गवताचा परतलेला रंग अडतो.

दुसरी परीक्षा हळदीची. रायगड जिल्ह्यात हळदी हा स्वतंत्र सोहळा, आणि बहुतेकदा रात्रीचा. वर पिवळ्या-नारिंगी कापडाचा मांडव, बाजूला डीजेचे निळे-जांभळे एलईडी, मधे पाटावर नवरा, हळदीने माखलेला. ऑटो व्हाइट बॅलन्सला इतका पिवळा सोसवत नाही. तो चित्र निळ्याकडे ढकलतो आणि शॉटच्या मध्येच करवल्यांचे चेहरे गारठतात. पुढे ग्रेडिंगला बसलेला माणूस नवऱ्याचा गाल व्हेक्टरस्कोपच्या रेघेवर ओढू पाहतो. गाल रेघेवर येतो, पण हळद नाहीशी होते आणि शेजारच्या मामाचा पांढरा सदरा निळसर होतो. इथे रेघ नवऱ्यासाठी लावायचीच नसते. हळद न लागलेल्या कुणाच्या तरी चेहऱ्यावर किंवा ग्रे कार्डावर हिशेब बसवायचा आणि नवऱ्याला पिवळा राहू द्यायचा. एलईडीचा निखळ निळा उजेड चेहऱ्यावर पडला तर कुठलेच प्रोफाइल कामाला येत नाही, कारण त्या उजेडात लाल नसतोच. तेव्हा नवऱ्याच्या बाजूचा निळा दिवा बंद करायला डीजेला सांगणे, हेच ग्रेडिंग.

म्हणून या भागातल्या कामापुरता निवाडा असा देता येतो. ८ बिटचा कॅमेरा असेल, तर लॉगच्या नादी लागू नये. न्यूट्रलसारखे सौम्य प्रोफाइल किंवा एस-सिनेटोन घ्यावे आणि व्हाइट बॅलन्स हाताने बांधून ठेवावा. १० बिट असेल आणि ग्रेडिंगला दिवस मिळणार असेल, तर दुपारच्या उन्हातल्या विधींना लॉग घ्यावा, रात्रीच्या हळदीला टाळलेला बरा. दोन कॅमेरे असतील तर दोन्हींत वेगळी प्रोफाइले लावू नयेत. सगळ्यांत स्वस्त साधन १८ टक्के राखाडीचे ग्रे कार्ड. मात्र हळदीच्या मांडवात ते पहिली बोटे उमटण्याआधीच कॅमेऱ्याला दाखवावे लागते, नंतर त्यालाही हळद लागलेली असते.